एमबीबीएस पहिलं वर्ष: ॲनाटॉमीला कॉलेजबाहेरून जोड कशी द्यायची? (नागपूर)

धंतोलीचा_सर्जन

नमस्कार मंडळी.

मी नागपुरात सर्जरीची प्रॅक्टिस करतो. रविवारी सकाळी पहिल्या वर्षाची काही मुलं-मुली दवाखान्याच्या वरच्या खोलीत ॲनाटॉमी करायला येतात. मेडिकलची (सरकारी मेडिकल कॉलेज) असतात, मेयोची (इंदिरा गांधी सरकारी कॉलेज) असतात, हिंगणा रोडकडच्या कॉलेजांची असतात. फी नाही, हजेरी नाही. नवी बॅच यायच्या आत या उपक्रमाची घडी नीट बसवायची आहे, म्हणून हा धागा. ॲनाटॉमी शिकवणारे, रेडिओलॉजीवाले आणि सध्या शिकत असलेली मुलं इथे येतात. सगळ्यांनी लिहावं.

आधी माझं म्हणणं. १९९७ च्या नियमांनी एमबीबीएसचा पहिला टप्पा दीड वर्षावरून एका वर्षावर आला. २०१९ ला नवा अभ्यासक्रम आला आणि पहिल्याच वर्षात रुग्ण दाखवणं, संवाद, नीतिमूल्यं हेही आलं. ते यायलाच हवं होतं. पण त्याच काळात बॅचही मोठ्या झाल्या. मोठ्या सरकारी कॉलेजांत आता २००-२५० मुलं एका वर्षाला असतात. डिसेक्शनच्या टेबलाभोवती पुढे उभं राहणाऱ्याला ब्रेकियल आर्टरी (दंडातली मुख्य धमनी) दिसते, तिसऱ्या रांगेतल्याला पुढच्याचा ॲप्रन दिसतो.

मग मूल हॉस्टेलवर जाऊन व्हिडिओ लावतं. व्हिडिओवर माझा राग नाही. पण व्हिडिओत धमनी लाल, शीर निळी, नर्व्ह पिवळी आणि भोवती काहीच नाही. टेबलावर आधी कातडी, मग चरबी, मग फॅशिया (स्नायूंवरचा पडदा), आणि सगळं एकाच मातकट रंगाचं. ज्याने फक्त व्हिडिओ पाहिलाय त्याला वाटतं की आपलं बघून झालं, आणि समोरच्या देहात ते सापडत नाही म्हटल्यावर तो मागे सरकतो. म्हणून माझा एकच नियम आहे: बाहेर जे शिकवू त्याने मूल दुसऱ्या दिवशी टेबलाकडे ओढलं गेलं पाहिजे. टेबलावाचून भागतं असं त्याला वाटायला लागलं तर आपण त्याचं नुकसान केलं.

सध्या करतो ते असं. ह्युमरस, म्हणजे दंडाचं हाड, हातात द्यायचा, डोळे मिटायला सांगायचे. डावा की उजवा ते बोटांनी ओळखायचं. मग स्पायरल ग्रूव्हमधून, म्हणजे रेडियल नर्व्ह जाते त्या खोबणीतून, बोट फिरवायचं, मग स्वतःच्या दंडावर तीच जागा. मग मध्यावर मोडलेल्या ह्युमरसचा एक्स-रे आणि दोन प्रश्न: या माणसाला मनगट वर उचलता येईल का? कोपर सरळ करता येईल का? पहिल्याचं उत्तर बरोबर येतं. दुसऱ्यालाही बहुतेक जण 'नाही' म्हणतात, कारण ट्रायसेप्सला (कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला) रेडियल नर्व्ह पुरवते एवढं पाठ असतं. पण ट्रायसेप्सच्या दोन भागांच्या, लाँग हेडच्या आणि मीडियल हेडच्या, फांद्या ग्रूव्हच्या वरच, काखेतच निघतात. त्यामुळे कोपर बऱ्यापैकी सरळ होतं आणि मनगट मात्र लोंबतं. हे मी सांगत नाही. सोमवारी डीएचमध्ये (डिसेक्शन हॉलमध्ये) फांद्या कुठून निघतात ते बघून या, एवढंच म्हणतो. मुलं बघून येतात आणि मला सांगतात.

आता अडतं कुठे: सीटी-एमआरआय पहिल्या वर्षाला किती दाखवावं? एम्ब्रियो (गर्भाची वाढ) कसं शिकवावं? आणि मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिले काही महिने गप्पच बसतात, त्यांचं काय करावं?

---

शारीर_मॅडम

सर, आयुष्यभर ॲनाटॉमीच शिकवली, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुमचा टेबलाचा नियम पूर्ण मान्य. त्याला मी दोन कडा जोडेन, आदल्या संध्याकाळची आणि त्याच संध्याकाळची.

आदल्या संध्याकाळी, उद्या जो भाग उघडणार तो स्वतःच्या अंगावर शोधायचा. उद्या फीमोरल ट्रँगल (जांघेखालचा त्रिकोण) आहे? मग आज कमरेच्या पुढच्या हाडाचं टोक आणि प्युबिक सिम्फिसिस यांच्या मधोमध बोट ठेवून नाडी शोधा. नाडी लागली की तिच्या बाहेरच्या बाजूला नर्व्ह, आतल्या बाजूला शीर, त्याच्या आत फीमोरल कॅनाल. आयसीयूत रक्त घ्यायला किंवा लाइन टाकायला डॉक्टर याच क्रमाने बोट फिरवतो. अर्ध्या तासात होतं आणि मूल दुसऱ्या दिवशी टेबलापाशी 'हे कुठंय' असं न विचारता 'हे इथेच असायला हवं' असं म्हणत उभं राहतं. ज्याला कुठे बघायचं ते माहीत आहे त्याला मागच्या रांगेतूनही दिसतं.

डिसेक्शनच्या संध्याकाळी पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आकृती. बघून नाही, आठवून. पोरं म्हणतात, मॅडम, काहीच आठवत नाही. बरोबर आहे, तिथेच अभ्यास सुरू होतो. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ साली हे प्रयोगातून दाखवलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी लगेच घेतलेल्या चाचणीत पुढे राहिले. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. आमच्या विषयात तर परीक्षा वर्षाच्या शेवटी आणि खरी गरज दहा वर्षांनी.

ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताच्या नर्व्हचं जाळं, फळ्यावर काढायला लावाच. पाच मुळं (सी५ ते टी१), तीन ट्रंक, प्रत्येकीच्या दोन डिव्हिजन, तीन कॉर्ड, मग फांद्या. एकाने काढायचा आणि दुसऱ्याने मध्येच ओल्या बोटाने एक रेघ पुसायची: 'ही तुटली, आता काय होईल?' सी५-सी६ ची वरची जोडणी पुसली तर हात आत वळून लोंबेल. सी८-टी१ पुसलं तर पंजाची बारीक कामं जातील. बाळंतपणात मानेला ताण बसलेलं बाळ आणि दुचाकीवरून खांद्यावर पडलेला माणूस यांचा हात सारखाच का दिसतो, ते त्या पुसलेल्या रेघेवरून कळतं.

एम्ब्रियोसाठी मला दोरी आणि टॉवेल पुरले. टॉवेल म्हणजे मेसेंटरी (आतड्याला धरून ठेवणारा पडदा), त्याच्या कडेला शिवलेली जाड दोरी म्हणजे आतडं, टॉवेलच्या मधोमध धरलेलं बोट म्हणजे सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी (आतड्याची मोठी धमनी). सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडं नाळेत उतरतं तेव्हा ९० अंशांचं वळण. दहाव्या आठवड्याच्या सुमारास परत येताना आणखी १८०. एकूण २७०, समोरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट. मुलांनी स्वतःच्या हातांनी फिरवलं की सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) उजवीकडे खाली का येतं आणि ट्रान्सव्हर्स कोलन (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) पुढून का जातं, हे पाठ करावं लागत नाही. फिरणं अर्धवट राहिलं तर तान्ह्या बाळाला हिरवी उलटी का होते, हेही तिथल्या तिथे दाखवता येतं.

एक काळजीची गोष्ट. फॉर्मालिन, म्हणजे देह टिकवायला वापरतात ते फॉर्माल्डिहाइडचं द्रावण. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. हॉलमध्ये ग्लोव्ह्ज, खिडक्या उघड्या, पंखे सुरू, कॉन्टॅक्ट लेन्स नको, चष्मा बरा. डोळे चुरचुरत असताना हिमतीने उभं राहण्यात काही अर्थ नाही, दोन मिनिटं बाहेर या. मुलांना हे सांगायला हवं, कारण ती लाजेने सांगत नाहीत.

---

गोंदियाचा_विद्यार्थी

मी सगळं वाचून राहिलो आहे, म्हणून लिहितो. बारावीपर्यंत मराठी माध्यम, आता नागपुरात पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही.

सर म्हणतात तसं गप्प बसणाऱ्यांतला मी आहे. मला समजत नाही असं नाही. टेबल व्हायव्हाला (टेबलापाशी होणाऱ्या तोंडी परीक्षेला) सरांनी विचारलं, क्युबिटल फॉसामध्ये (कोपराच्या पुढच्या खळग्यात) काय काय आहे? मला माहीत होतं. आतून बाहेर मीडियन नर्व्ह, ब्रेकियल आर्टरी, बायसेप्सचा टेंडन, रेडियल नर्व्ह. पण इंग्रजीत पूर्ण वाक्य जुळवेपर्यंत पुढच्याने सांगून टाकलं. मग वाटतं आपल्याला येतच नाही. रात्री रूमवर मित्राला मराठीत समजावून सांगतो तेव्हा सगळं येतं.

शारीर मॅडम, फळ्यावरची रेघ पुसायची पद्धत आजच रूमवर करून पाहणार आहे.

---

शारीर_मॅडम

बेटा, तू उत्तर बरोबर क्रमाने लिहिलं आहेस, हे आधी लक्षात घे. तुला ॲनाटॉमी येते. आता फक्त तोंड उघडायचं राहिलं.

असं कर. मित्राला मराठीत समजावतोस ते चालू ठेव, बंद करू नकोस. समजावताना संज्ञा इंग्रजीच ठेव, बाकी वाक्य मराठी: 'मीडियन नर्व्ह आर्टरीच्या आतल्या बाजूला आहे.' ते नीट झालं की तेच इंग्रजीत, अगदी आखूड. कर्ता, क्रियापद, जागा. दहा शब्दांच्या वर नाही. व्हायव्हात परीक्षकाला लांब वाक्य नकोच असतं, त्याला क्रम हवा असतो, आणि बोट ठेवून दाखवलंस तर निम्मं वाक्य बोटच बोलतं. म्हणून फोर्सेप्स हातात घे आणि दाखवत बोल.

आणि याच जागेचं पुढचं शीक. कोपराच्या पुढून रक्त घेतो ती शीर आणि खालची धमनी यांच्यामध्ये बायसेप्सचा पातळ पडदा आहे. नवख्याची सुई खोल जाऊ नये म्हणून मध्ये ही भिंत. उद्या टेबलावर तो पडदा शोध आणि तुझ्या टेबलावरच्या चार जणांना तूच दाखव.

---

इंटर्न_अजनी

सर, एक सुचवतो. सगळं तुम्हीच शिकवू नका. दुसऱ्या वर्षाची मुलं आणा. आम्हाला पहिल्या वर्षाला खरी मदत सीनियर्सचीच झाली. बोन सेट त्यांच्याकडूनच मिळाला, आणि कुठे अडतं हे त्यांना ताजं आठवत होतं. तुम्हाला काखेत शिरणं इतकं सवयीचं झालंय की नवख्याला पेक्टोरॅलिस मायनर हा छातीचा स्नायूच सापडत नाही हे तुमच्या लक्षात येणार नाही. सीनियरला येतं. आणि शिकवणाऱ्याचीही उजळणी होते. पॅथॉलॉजीच्या गडबडीत ॲनाटॉमी पुसट होत असते तेव्हाच.

---

पालक_भंडारा

डॉक्टर साहेब, माझी मुलगी यंदा पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या चाचणीत कमी मार्क पडले म्हणून फार रडली. पैसे भरून ॲनाटॉमीचा क्लास लावावा का? घरचं कोणीच डॉक्टर नाही, आम्हाला यातलं कळत नाही.

---

धंतोलीचा_सर्जन

ताई/दादा, क्लास आत्ता लावू नका. पहिली चाचणी बहुतेकांची पडते. बारावीपर्यंत पहिल्या नंबरात असलेली मुलं असतात ही, त्यांना पडायची सवय नसते. मुलीला तीन गोष्टी विचारा: डीएचमध्ये रोज जातेस का, जेवण वेळेवर होतं का, झोप होते का. तिन्हींचं उत्तर हो असेल तर पुढच्या चाचणीपर्यंत थांबा. नसेल तर आधी ते बघा, आणि रडणं थांबत नसेल तर कॉलेजच्या मेंटॉरशी स्वतः बोला. तिला रविवारी पाठवायची असेल तर मला इथे निरोप करा.

इंटर्नजी, सीनियर्सची सूचना घेतली. दोघं-तिघं तयार असतील तर कळवा.

---

रेडिओलॉजी_रामदासपेठ

इमेजिंगबद्दल मी लिहिते.

पहिल्या वर्षाला सीटीचा पूर्ण अभ्यास (सगळ्या स्लाइस) दाखवू नका, मुलं गांगरतात. छाती, पोट, ओटीपोट, डोकं यांची प्रत्येकी एखाद-दुसरी स्लाइस पुरे, पण ती इतकी नीट बसली पाहिजे की डोळे मिटून काढता आली पाहिजे. पोटासाठी एल१ ची (कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीची) घ्या. ट्रान्सपायलोरिक प्लेन. पॅनक्रियासची मान, सुपीरियर मेसेंटेरिक आर्टरी निघते ती जागा, किडन्यांचे हायलम, गॉलब्लॅडरचा फंडस आणि मोठ्या माणसाच्या पाठीच्या कण्यातल्या दोरीचं टोक, हे सगळं साधारण त्याच पातळीला. पुस्तकात ही यादी म्हणून येते, स्लाइसवर ती एका नजरेत दिसते.

पहिल्याच दिवशी हे पक्कं करा: सीटीची स्लाइस आपण रुग्णाच्या पायाकडून बघतो. म्हणून यकृत पडद्यावर डावीकडे दिसतं. हे एकदा डोक्यात उलटं बसलं की सरळ करायला फार वेळ लागतो. मुलांना टेबलाच्या पायथ्याशी उभं करा, देहाच्या तळव्यांकडून डोक्याकडे बघायला लावा, आणि तिथेच हातात स्लाइस द्या. वेगळं समजवावं लागत नाही.

दुसरं, जिवंत माणसाचं शरीर टेबलावरच्या देहासारखं नसतं. फुप्फुसं तिथे मिटलेली असतात, यकृत घट्ट झालेलं असतं. माणूस उभा राहिला की पायलोरस (जठराचं खालचं तोंड) एल१ वर थांबत नाही, खाली उतरतो. श्वास घेतला की किडनी सरकते. हे सोनोग्राफीत दोन मिनिटांत दाखवता येतं, आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते. अलीकडे मोबाइलला जोडायचे सोनोग्राफीचे छोटे प्रोब मिळतात, आणि कुणीतरी म्हणेल की हॉस्टेलवर आणून शिकू. अजिबात नको. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याखाली प्रत्येक मशीनची आणि ते वापरण्याच्या जागेची नोंदणी लागते. शिकवण्याचा हेतू कितीही चांगला असला तरी मुलं आणि तुम्ही दोघंही अडचणीत याल. मुलांना कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागात, तिथल्या डॉक्टरांसोबतच बघू द्या.

---

मिहानवासी

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरमध्ये आहे. बहीण एमबीबीएस करते आहे. एवढे थ्रीडी ॲप, आभासी डिसेक्शन टेबल आले असताना मृतदेहावर इतका जोर का, हे मनापासून विचारतो. पडद्यावर हवं तेवढ्या वेळा कापता येतं, पुन्हा जोडता येतं, मागच्या रांगेचा प्रश्नच येत नाही.

---

धंतोलीचा_सर्जन

प्रश्न रास्त आहे. पडद्याचं एक उत्तम उदाहरण आधी सांगतो. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्टने १९९४ मध्ये एका पुरुषाच्या आणि १९९५ मध्ये एका स्त्रीच्या संपूर्ण शरीराच्या आडव्या चकत्यांची चित्रं प्रसिद्ध केली. पुरुषाच्या चकत्या १ मिलीमीटरच्या, स्त्रीच्या ०.३३ मिलीमीटरच्या. ती खऱ्या देहांची आहेत आणि विनामूल्य आहेत. बहिणीला सांगा, सीटी शिकताना शेजारी ती चित्रं ठेवावी.

पण तो एक पुरुष आणि एक स्त्री आहे. ॲपमधलं शरीर तर कुणाचंच नसतं. पाच टेबलांवर पाच देह असतात आणि ते पाचही वेगळे असतात. एकात ब्रेकियल आर्टरी दंडातच वर दुभंगलेली असते, एकात अपेंडिक्स सीकमच्या मागे लपलेलं असतं. मला ऑपरेशन टेबलावर जो माणूस भेटतो तो या पाचांसारखा असतो. मुलांना हे मी त्यांच्याच हातावर दाखवतो: अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट थोडं वाकवा. मनगटाच्या मधोमध एक टेंडन उठून दिसतो, पाल्मारिस लाँगस. खोलीत एखाद्याच्या एका हातावर तो नसतोच. ज्याला नसतो तो घाबरतो, मग कळतं की काही बिघडत नाही, आणि प्लास्टिक सर्जन दुसरीकडे टेंडन बसवायचा असला की नेमका हाच काढून घेतो.

शिवाय हात. फॅशिया बोटाने वेगळा करताना किती जोर लावायचा, नर्व्ह आणि शीर चिमटीत कशा वेगळ्या लागतात, हे काचेवर कळत नाही. पडद्याचा उपयोग आदल्या संध्याकाळी जरूर करावा.

---

वैनगंगा

मी वैद्यकीय क्षेत्रातली नाही. हा धागा वाचत होते आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझ्या बाबांनी देहदान केलं. रेल्वेत होते, निवृत्तीनंतर स्वतः जाऊन अर्ज आणला, आम्हा भावंडांना समोर बसवून सह्या घेतल्या. ते गेले तेव्हा नातेवाइकांतून खूप बोलणी बसली, अग्नी दिला नाही म्हणून. आईने कुणाचं ऐकलं नाही.

तुम्ही 'देह' म्हणता, 'टेबल' म्हणता, ते कामाचं बोलणं आहे हे मला समजतं. एवढंच विचारायचं होतं की त्या मुलांना सांगतात का, हे कुणाचे तरी वडील आहेत? आणि मागच्या रांगेतल्या मुलाला दिसत नाही हे वाचून वाईट वाटलं. बाबांना ते आवडलं नसतं. त्यांनी सगळ्यांसाठी दिलं होतं.

---

शारीर_मॅडम

वैनगंगाताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

हो, सांगतात. नव्या अभ्यासक्रमात त्यासाठी एक वेगळा भागच ठेवला आहे, 'मृतदेह हा आपला पहिला शिक्षक' या नावाचा. डिसेक्शन सुरू करण्याआधी मुलं देहासमोर उभं राहून शपथ घेतात: आदर राखू, चेष्टा करणार नाही, ओळख जपू. फोटो काढण्याला सक्त मनाई असते. मी शिकवत होते तेव्हा शपथ पहिल्या दिवसापुरती न ठेवता प्रत्येक नवा भाग सुरू करताना मुलांना अर्धा मिनिट हात जोडून उभं करायची. एकाही मुलाने ते टाळलेलं मला आठवत नाही.

तुमच्या लिहिण्याने इथे कुणाच्या मनात आलं असेल म्हणून माहिती देते. आपल्याकडे १९४९ च्या मुंबई शरीरशास्त्र कायद्याने महाविद्यालयांना देह स्वीकारता येतो. बेवारस देह त्यातूनच येतात, पण आता शिक्षणाचा मोठा आधार देहदानाचाच आहे. अर्ज कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागात मिळतो. अर्ज भरला तरी शेवटी देह पोहोचवायचा निर्णय घरच्यांच्या हातात असतो, म्हणून ताईंच्या बाबांनी सगळ्यांना समोर बसवून केलं ते अगदी योग्य. मृत्यूनंतर लगेच विभागाला कळवावं, डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला जवळ ठेवावा. नेत्रदान आधी करता येतं, सहा तासांच्या आत, आणि त्यानंतरही देह स्वीकारतात. पोस्टमॉर्टेम झालेला किंवा काही संसर्गजन्य आजार असलेला देह मात्र स्वीकारत नाहीत, तेव्हा नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नये.

---

गडचिरोली_डॉक्टर

सर, रुग्ण दाखवून ॲनाटॉमी शिकवायची तर विदर्भात बाहेरची उदाहरणं शोधायची गरज नाही. सिकलसेल घ्या, रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात तो आनुवंशिक आजार. आपल्या भागात हा आजार घरोघरी माहीत आहे, २०२३ पासून त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू आहे. आणि या एका आजारावर निम्मी ॲनाटॉमी शिकवता येते.

पंचविशीचा तरुण लंगडत येतो, मांडीच्या सांध्यात दुखतं. एक्स-रेमध्ये फीमरचं (मांडीच्या हाडाचं) डोकं चपटं झालेलं. का? मुलांना आधी रक्तपुरवठा काढायला लावा. मीडियल सर्कमफ्लेक्स फीमोरल आर्टरीच्या बारीक फांद्या मानेला चिकटून वर डोक्यापर्यंत जातात. लिगामेंट टेरिसमधून येणारी फांदी लहानशी, तिच्यावर मोठ्या माणसात भिस्त ठेवता येत नाही. म्हणजे डोक्याला दुसरा भक्कम रस्ता नाही. सिकलसेलमध्ये हाडाच्या आतल्या बारीक वाहिन्या तुंबतात, आणि हाड मरतं. म्हातारी आजी घसरून पडते आणि फीमरची मान मोडते तेव्हा त्याच फांद्या तुटतात. दोन वेगळे आजार, दोन वेगळी वयं, रक्तवाहिनी एकच.

दुसरं, प्लीहा. बऱ्याच पुस्तकांत लिहितात की सिकलसेलमध्ये ती लहानपणीच आकसून जाते. आपल्याकडे मोठ्या मुलांतही ती हाताला लागते, कारण भारतातल्या रुग्णांत गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं आणि आजाराची चाल वेगळी असते. मग विचारा: प्लीहा नवव्या ते अकराव्या बरगडीआड असते, वाढली की सरळ खाली का येत नाही, तिरकी बेंबीकडे आणि पुढे उजव्या कुशीकडे का जाते? खाली कोलनच्या डाव्या वळणापाशी फ्रेनिकोकोलिक लिगामेंट आहे, ते तिला अडवतं. म्हणून आपण पोट तपासताना उजव्या कुशीपासून सुरू करून डाव्या बरगडीकडे हात नेतो. विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला ही पद्धत नुसती पाठ करतात. पहिल्या वर्षाला लिगामेंट टेबलावर बघितलं असेल तर हात आपोआप तसा जातो.

आमच्याकडची मुलं नागपुरात शिकायला येतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरात हा आजार आहे. त्यांना विषय शिकवताना आपल्या माणसांबद्दल बोलतोय हे कळू द्या, फक्त कुणाला 'तुझ्या घरी आहे का' असं सगळ्यांसमोर विचारू नका.

---

रचनाशारीर_सक्करदरा

मी बीएएमएसला आहे, आम्हालाही पहिल्या वर्षाला रचना शारीर (आयुर्वेदातली ॲनाटॉमी) आणि शवच्छेदन असतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात पाचव्या अध्यायात देह मुंजगवत वगैरेंत गुंडाळून, संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवून, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू थर घासून बघायची रीत दिली आहे. कातडीपासून सुरू करून एकेक थर, आणि डोळ्यांनी पाहिलेलं व शास्त्रात वाचलेलं दोन्ही जुळवा असं सांगितलं आहे. सरांचा टेबलाचा नियम वाचताना तेच आठवलं.

आम्हाला रविवारी यायला चालेल का?

---

धंतोलीचा_सर्जन

चालेल, जरूर या. फिजिओथेरपीची मुलंही आली तर हरकत नाही. हात-पायांचे स्नायू त्यांच्याकडूनच शिकावेत.

सगळ्यांचं वाचून रविवारचं असं ठरवतो. ज्या आठवड्यात कॉलेजात जो भाग चालू असेल तोच भाग, पुढचा नाही. आधी हाड आणि स्वतःचं शरीर, त्यासाठी प्रत्येकाने त्वचेवर चालेल अशी पेन्सिल आणावी. मुलींची सरफेस मार्किंग आतल्या खोलीत दुसऱ्या वर्षाच्या मुलीच घेतील, आणि ज्याला अंगावर काढू द्यायचं नसेल त्याला कारण विचारलं जाणार नाही. मग फळा आणि रेघ पुसणं. हे मराठीत आणि मग आखूड इंग्रजीत, दोन्हीत. गोंदियाचा विद्यार्थी आला तर पहिला खडू त्याच्या हातात. शेवटी एक रुग्णाची गोष्ट आणि टेबलावर बघून यायचा एक प्रश्न. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर रुग्णाची गोष्ट सांगावी अशी विनंती आहे.

लोअर लिंब सुरू झालं की पहिला प्रश्न गडचिरोलीच्या डॉक्टरांचाच: फीमरच्या मानेवरून जाणाऱ्या त्या फांद्या शोधा, आणि सांध्याची कॅप्सूल (आवरण) कापताना त्या कुठे तुटतात ते बघा.

एक मदत हवी आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या कुणाकडे जुन्या एक्स-रे फिल्म टाकून द्यायच्या असतील तर मला हव्यात: ह्युमरस, फिब्युलाची मान, मांडीचा सांधा, छाती, कंबरेचे मणके. रुग्णाची संमती असलेल्याच द्याव्यात, आणि फिल्मवरचं नाव, वय आणि नोंदणी क्रमांक आधी कापून टाकावा.